कमरेला पिस्तूल, गावभर हर्निया

सार्वजनिक ठिकाणी परवान्याचं शस्त्र बाळगायचं असेल, तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच कशात तरी, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात असलं पाहिजे, असं 2016 च्या शस्त्र नियमांतला नियम 32 सांगतो. नियम अगदी रास्त आहे. फक्त तो लिहिणाऱ्या साहेबांनी नाशकात एखादं लग्न जेवून पाहिलेलं नसावं. जिथे पंगतीला मांडी घालायची, उठल्यावर रांगेने बसलेल्या आत्या-माम्यांच्या पाया पडायचं आणि वर साडूने येऊन कडकडून मिठी मारायची, तिथे कमरेला साडेसहाशे ग्रॅम लोखंड झाकून ठेवणं सोपं नाही हो.

आमचा धंदा द्राक्षखरेदीचा. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी आणि निफाडच्या बागांतून फिरायचं, तोडणीच्या मजुरांचे पैसे रोख न्यायचे, अंधार पडल्यावर परतायचं. एका सीझनला ओळखीच्या एका व्यापाऱ्याची गाडी रस्त्यात अडवली गेली, आणि आईने जेवण बंद करण्याची धमकी दिली. माझं नव्हे, स्वतःचं. म्हणून परवान्याला अर्ज केला.

शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात. अर्ज, पोलीस पडताळणी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, शस्त्र हाताळायला शिकल्याचं सर्टिफिकेट, घरी ते कुठे कुलपात ठेवणार याचा तपशील, सगळं आलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुम्हाला धोका कोणापासून?" हा प्रश्न फार अवघड असतो. नाव घ्यावं तर तो माणूस उद्या लग्नात भेटतो, आणि कोणापासूनच नाही म्हणावं तर परवाना कशाला? मी आपलं "रोख रकमेपासून" असं म्हणालो. साहेब हसले नाहीत, पण परवाना झाला.

मग खरेदी. आपल्याकडे 9 एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, ते पोलीस-लष्कराचं. आपल्या वाट्याला .32 येतं, म्हणजे 7.65 एमएम. पूर्वी एका परवान्यावर तीन शस्त्रं ठेवता यायची, शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. दोन ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, मला एकाने आडवं केलंय. पुरुषभर उंचीच्या बंदुका मांडलेल्या त्या दुकानात मालकाने रिव्हॉल्व्हर दाखवलं, 'निर्भीक'चंही वर्णन केलं. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 2014 साली काढलेलं ते, बायकांच्या पर्समध्ये मावावं असं, साधारण पाचशे ग्रॅमचं. पण चक्राकडच्या फुगीर भागाची मला भीती वाटली, म्हणून मी चपटं पिस्तूल पसंत केलं. मालक तळहातावर ठेवून म्हणाले, "बघा भाऊ, हातात कसं बसतं!" बसतं खरंच. पण हातात धरून रस्त्याने फिरायचं नव्हतं ना.

आता कमरेचा भूगोल सांगतो. उजव्या बाजूला खोचलं तर गाडीचा सीटबेल्ट नेमका तिथेच आवळतो. मागे खोचलं तर सीटला टेकलं की ते माकडहाडाला लागतं, आणि पावसाळ्यानंतरच्या आमच्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा तुम्हाला त्याची वेगळी आठवण करून देतो. पुढे, पोटाच्या खाली खोचणारे खूप आहेत. त्यांचं म्हणणं, तिथून सगळ्यात लवकर हाती येतं. येत असेल. पण त्या स्थितीत बसल्यावर नळीचं तोंड कुठे असतं, हे सुज्ञांस सांगणे न लगे. शेवटी उजवं नितंब आणि कुस यांच्या मधली चार बोटं जागा मुक्रर झाली. तिथे माझी स्वतःची चरबी आधीच वस्तीला होती. दोघांना एका पँटीत नांदवायचं म्हणून सगळ्या पँटी एक नंबर मोठ्या घ्याव्या लागल्या. पिस्तूल काढून ठेवलं की त्या घसरतात.

तयार मिळणारं होल्स्टर काचायचं, म्हणून भद्रकालीतल्या चामड्याच्या कारागिराकडे गेलो. शस्त्र असं कोणाच्या हातात देत नाहीत, म्हणून पुठ्ठ्याचा आकार कापून नेला होता. कारागिराने चष्मा कपाळावर चढवला, पुठ्ठा उलटासुलटा केला आणि विचारलं, "ड्रिल मशीनचं कव्हर का?" मी हो म्हणालो. त्याने मन लावून काम केलं. दुहेरी शिलाई, आतून मऊ चामडं, कडांना मेण, चापावर पूर्ण झाकण येईल असा काप. आणि वर प्रेमाने एक छोटा कप्पा शिवून दिला. "ड्रिलचे बिट ठेवायला." त्या कप्प्यात मी हल्ली बडीशेप ठेवतो.

घामाचं प्रकरण मात्र कोणी आधी सांगत नाही. एप्रिलमध्ये बागेत दिवसभर फिरलं की घाम कमरेपाशी साठतो आणि पिस्तुलाला त्या बाजूने तांबूस डाग धरतो. म्हणून रोज रात्री ते रिकामं करून पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. मग ते तेल शर्टाला लागतं. हा डाग साध्या साबणाने जात नाही. बायकोने पहिले काही शर्ट घासले, नंतर कपडे भिजवायची बादली माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "अहो, परवाना तुमच्या नावाचा आहे ना? मग डागही तुमच्याच नावाचे." कायद्याच्या दृष्टीने तिचं बरोबर आहे. शस्त्राची सगळी जबाबदारी परवानाधारकाची.

आणि महामार्गावरच्या ढाब्याचं देशी संडास. तिथे पट्टा सैल केला की होल्स्टर कुठे जातं आणि माणूस कुठे पाहतो, याबद्दल इथे एवढंच पुरे.

तर हर्निया. एका संध्याकाळी गाडीतून उतरताना होल्स्टर सरकलं म्हणून मी शर्टावरून हाताने दाबून धरलं. आमच्या बिल्डिंगचे तळमजल्यावरचे काका झाडांना पाणी घालत होते. त्यांनी नळ बंद केला.

"कधीपासून आहे?"

"काय?"

"लपवू नका हो. दोन महिने बघतोय. उजवीकडेच दिसतंय. खोकला आला की बाहेर येतं का?"

नियम 32 डोळ्यांपुढे उभा राहिला. शस्त्र झाकलेलं असावं म्हणतो, झाकून काय भासवावं याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मी म्हणालो, "कधीकधी."

दुसऱ्या दिवशी सोसायटीभर झालं. शेजारच्या काकूंनी एरंडेल आणून दिलं, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या भावाच्या ऑपरेशनची साद्यंत हकिगत ऐकवली, बिल आणि जाळीच्या किमतीसह. आईला दोन फोन आले आणि ती एवढी खवळली, की "त्यापेक्षा पिस्तूल आहे म्हणून सांग!" असं खिडकीतून ओरडता ओरडता राहिली. पण फायदेही झाले. सिलेंडर वर चढवायला मला कोणी बोलावत नाही. गणपतीच्या मंडपाचे बांबू उचलायला पोरं मला हातही लावू देत नाहीत. "काका, तुम्ही नुसते बसा." मी बसतो. बसलं की टोचतं, तोंड वाकडं होतं, आणि हर्नियावर शिक्कामोर्तब होतं.

सकाळी मी हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर फिरायला जातो, अर्थात निःशस्त्र. तिथे गेलं की आपली लायकी कळते. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत आली, त्यातलं शस्त्र नाशकात पोचलं, आणि 21 डिसेंबर 1909 ला भरल्या विजयानंद थिएटरात, कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाच्या नाटकाला, ते कोटाआड घेऊन सतरा वर्षांचा मुलगा शांत बसून राहिला. शेजारच्या प्रेक्षकांना पत्ता नाही. आणि इथे मी, परवाना खिशात, वय पन्नाशीकडे, आणि झाडांना पाणी घालणाऱ्या माणसापासून काही लपवू शकत नाही.

ज्यांना खरं माहीत आहे, ते नातेवाईक वेगळाच ताप. निफाडच्या मावसभावाचं म्हणणं, उसात बिबट्या येतो, तर एक रात्र मुक्कामाला ये. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि .32 ने त्याला फार तर राग येईल, हे त्याला पटत नाही. लग्नात वरात दारात आली की नवरदेवाचा मामा कानाशी लागतो, "भाऊ, एक बार होऊन जाऊ दे!" मी त्याला 2019 ची दुरुस्ती ऐकवतो. आनंदात असा बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामा म्हणतात, "मग ते वागवतोस कशाला?"

मामांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. बँकेत नेता येत नाही, शाळेच्या आवारात नाही, मॉलच्या दारावरचा पहारेकरी यंत्र फिरवतो, देवळात मलाच नको वाटतं. म्हणजे बहुतेक दिवस ते घरीच कुलपात असतं आणि मी किल्ली सांभाळत फिरतो. त्यातून आता तोडणीचे मुकादमही फोन पुढे करतात. "शेठ, स्कॅन करा." ज्या रोख रकमेपासून मला धोका होता, ती रक्कमच बंद होत चालली आहे. विकून टाकायचं म्हटलं तर गिऱ्हाईकही परवानेवालंच हवं, आणि कागद पुन्हा तेवढेच. परवाना पाच वर्षांचा असतो, तेवढी मुदत तरी नांदू दे म्हणतो.

सुख कधी असेल तर आचारसंहितेत. निवडणूक लागली की छाननी होऊन ज्यांना नोटीस येते, त्यांनी शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायचं. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या, दोन्ही वेळा माझं नाव निघालं. इतर परवानेवाले रांगेत कुरकुरत होते. मी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि जुन्या, एक नंबर लहान पँटीत घरी आलो. शर्ट आत खोचला होता. पायऱ्या दोन-दोन चढत होतो.

काकांनी नळ बंद केला. कमरेकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"झालं वाटतं! अहो, सांगायचं तरी. कुठे केलंत?"

"इथेच, चौकीजवळ."

"चेहऱ्यावरच दिसतंय. टाके कधी काढणार?"

"मतमोजणी झाली की," मी म्हणालो.