हात सोडलेली अक्षरं

आमच्या पुण्यातल्या फिल्म क्लबनं इराणी चित्रपटांचा 3 दिवसांचा महोत्सव ठरवला आणि "तुला ते डिझाइनचं सॉफ्टवेअर, कोरल, येतं ना?" एवढ्या पात्रतेवर पोस्टर माझ्या गळ्यात पडलं. विषय : सांस्कृतिक बंध.

बैठक अर्थातच इराणी हॉटेलात. अध्यक्ष म्हणाले, "हस्तांदोलन हवं." खजिनदारांना कबुतर हवं होतं. सचिव समोरच्या बशीकडे बघत म्हणाले, "बनमस्का टाक रे, लोकांना लगेच कळेल." (कळेल की. तिकीट न काढता ऑर्डर देतील.)

मी म्हटलं, नुसता 'पडदा' हा शब्द मोठ्ठा टाकू. तो फारसीतूनच आलाय, सिनेमाच्या पडद्याला तिकडेही 'पर्दे'च म्हणतात. एक शब्द, दोन लिप्या.

"पसंत नाही," अध्यक्ष म्हणाले. "कागद रिकामा दिसतो. बाजारात असलं चालत नाही."

पसंत, कागद, बाजार. तिन्ही शब्द फारसी. पण चहाचं बिल तेच देणार होते, म्हणून गप्प बसलो.

हस्तांदोलन टाकलं, कोपऱ्यात कबुतर बसवलं, खाली फारसी मजकूर चिकटवला आणि सोसायटीतल्या एका इराणी विद्यार्थ्याला दाखवला. तो आधी सभ्यपणे खोकला, मग हसत सुटला. फारसी उजवीकडून डावीकडे लिहितात आणि बहुतेक अक्षरं एकमेकांना जोडतात. माझ्या जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरनं ती सुटी करून डावीकडून ओळीनं उभी केली होती, रेशनच्या रांगेसारखी. तो म्हणाला, "वर माणसांनी हात मिळवलेत, खाली अक्षरांनी सोडलेत."

त्याला हसायचा हक्क होता, पण माझ्या मातृभाषेनं तरी कुठे साथ दिली? श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये येताना 'चित्रपट'ची वेलांटी एक घर पुढे सरकली होती. 'चत्रिपट महोत्सव'. हे समितीतल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. कबुतराची चोच मात्र तिघांना खटकली होती.

दोन रात्री जागून सगळं जुळवलं, अक्षरांचे कर्व्ह केले (म्हणजे अक्षरांची चित्रंच, पुन्हा विस्कटायला नकोत), 'फायनल_9' फ्लेक्सवाल्याकडे धाडली. फारसी अचूक आली. फक्त मधल्या काळात अध्यक्षांनी परस्पर फोन करून तळाशी समितीच्या अकराही जणांचे फोटो बसवून घेतले होते, गॉगलसकट.

उद्घाटनाला तो विद्यार्थी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभा होता.

"हे सगळे नट का?"

मी मान डोलावली.

त्यानं अध्यक्षांवर बोट ठेवलं. "आणि हा व्हिलन?"