माल देणाऱ्याचं कोण बघणार? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. 'दिवाळखोरीचा नवा कायदा म्हणजे बुडव्यांना पळवाट. तुम्ही दुकानदारांची कड घेता, माल देणाऱ्याचं कोण बघणार?' असं तुम्ही इचलकरंजीहून लिहिलंत. कोल्हापुरातल्या एका कापड दुकानात तुमचे साडेचार लाख अडकलेत हे वाचून वाईट वाटलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी माझी चूक. कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई मागायला लागणारी थकबाकीची किमान मर्यादा मार्च 2020 मध्ये 1 लाखावरून 1 कोटी झाली, तेव्हा छोट्या धंद्यांना उसंत मिळाली, असं मी आधीच्या लेखात म्हटलं होतं. तुमची बाजू माझ्या ध्यानातच आली नाही. साडेचार लाखांसाठी तुम्ही आता कुठल्याही कंपनीला एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीची प्रकरणं चालतात त्या न्यायाधिकरणात, नेऊ शकत नाही. दुसऱ्या कुणी नेलं, तरी निर्णय कर्ज देणाऱ्यांची समिती घेते आणि तिथे माल पुरवणाऱ्याला मत नसतं. कंपनी मोडीत निघाली तर कामगार, बँका, सरकारी कर या सगळ्यांच्या मागे तुमचा नंबर. ते वाक्य मी मागे घेतो.

पण पळवाटीचं मला पटत नाही. 2016 चा हा कायदा सध्या चालतो तो कंपन्या आणि एलएलपींसाठी (मर्यादित जबाबदारीच्या नोंदणीकृत भागीदाऱ्या). कोल्हापुरात महाद्वार रोडला, लक्ष्मीपुरीत, राजारामपुरीत सकाळी शटर वर करणारे बहुतेक जण प्रोप्रायटर, म्हणजे एकटेच मालक, नाहीतर भावाभावांची भागीदारी. त्यांच्यासाठीचा तिसरा भाग कायद्यात छापलेला आहे, पण लागू झालाय तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, डिसेंबर 2019 पासून. बाकीच्यांना अजून 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. त्यात 500 रुपये देणं असलं तरी कर्जदार अर्ज करू शकतो, इतका तो जुना!

माझ्या मावसभावाचं लक्ष्मीपुरीत कापडाचं दुकान होतं. ऑगस्ट 2019 च्या पुरात गाठीच्या गाठी भिजल्या, मग लॉकडाऊन, मग जुलै 2021 चा पूर. 'दिवाळखोरीची कारवाई वर्षभर स्थगित' ही बातमी वाचून तो धावत माझ्याकडे आला होता. दादा, ती कंपन्यांसाठी आहे, हे त्याला सांगताना माझी जीभ जड झाली. पुढे बँकेची 60 दिवसांची नोटीस आली, ती सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊन विकायचा अधिकार बँकेला देणाऱ्या कायद्याखाली. राहतं घर तारण होतं. घर गेलं. पुरवठादारांना त्यातून दमडी मिळाली नाही. तुमच्यासारखे दोघे-तिघे त्याच्या दारात येऊन बसायचे, आणि तो आत बसून रडायचा.

म्हणून तिसरा भाग दुकानदारांनाही लागू व्हावा, याच्या मागे मी लागलोय. त्यात दुकानदाराला परतफेडीची योजना मांडता येते, अर्ज मंजूर झाल्यावर 180 दिवसांपर्यंत वसुली थांबते, आणि योजना मंजूर व्हायला देण्याच्या रकमेच्या हिशोबाने तीन चतुर्थांशांहून जास्त मतं लागतात. त्या सभेत तुम्हीही बसता, साडेचार लाखांच्या मतासह. सरसकट माफी त्यात नाही. 'नवी सुरुवात' म्हणून माफीची जी सोय आहे, ती 35 हजारांपर्यंतच्या कर्जाला आणि स्वतःचं घर नसलेल्याला. आपल्या बाजारातला कुठलाच दुकानदार त्यात बसत नाही.

आता तुमच्या पैशांचं. त्या दुकानाच्या जीएसटी प्रमाणपत्रावर प्रोप्रायटर लिहिलंय, भागीदारी की प्रायव्हेट लिमिटेड, ते बघून मला कळवा. प्रोप्रायटर असेल तर येणं त्या माणसाकडूनच आहे, दिवाणी दावा त्याच्यावरच लागतो, आणि त्याला प्रत्येक बिलाचा माल पोचल्यापासून, किंवा उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, तीन वर्षांची मुदत असते. तुमची बिलं कधीची आहेत?