गाजराचं कौतुक जरा जास्तच झालंय

डोळ्यांच्या आहारावरच्या एका लेखातलं 'रोज एक गाजर खा, उतारवयातही चष्मा लागणार नाही' हे वाक्य काही पटलं नाही. गाजरामुळे अ जीवनसत्त्व मिळतं, त्याच्या अभावी होणारा रातांधळेपणा टळतो, इतकंच. चाळिशीचा चष्मा लागतो तो डोळ्यातलं भिंग ताठर झाल्यामुळे, त्याला गाजर काय करणार! डोळ्याच्या आतल्या पडद्यासाठी लागतात ल्युटीन आणि झियाझँथिन ही पिवळी रंगद्रव्यं. ती पालक, मेथी, मका, अंड्याच्या बलकात असतात, आणि भाजीला चमचाभर तेल असेल तर अंगी लागतात. लेखात मेथीचं नावसुद्धा नाही!

माझ्या आईला बहात्तराव्या वर्षी दाराची चौकट मधेच वाकडी दिसायला लागली. पडद्याची झीज निघाली. डॉक्टरांनी जीवनसत्त्वं-खनिजांच्या गोळ्या दिल्या आणि चौकडीचा कागद फ्रिजवर लावून, रेघा वाकड्या दिसतात का ते एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. ते पाहून शेजारच्या काकांनीही तशाच गोळ्या आणल्या, डोळे ठणठणीत असताना! अमेरिकेतल्या २००१ च्या एरेड्स (AREDS) या डोळ्यांच्या आजारांवरच्या मोठ्या चाचणीत अशा गोळ्यांनी झीज बळावण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला, पण तो ज्यांची झीज मध्यम टप्प्यात होती किंवा एका डोळ्यात त्याच्याही पुढे गेली होती त्यांचा. शिवाय जुन्या गोळ्यांतलं बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलंच, सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाच्या धोक्यामुळे देत नाहीत. काका तर आत्ताआत्तापर्यंत दिवसाला पाकीट संपवत होते.