संघ विकत घ्यायचाय? मग स्वतःचे पैसे जपून ठेवा

गाठीला चार पैसे आहेत आणि घरात मुलंही बरीच आहेत, तर सोन्यानाण्यात अडकू नका. सरळ एखादा संघ घ्या. नुसत्या श्रीमंताची आठवण कोण काढतो? संघमालकाला निदान पाऊण लाख लोक एका सुरात शिव्या घालतात.

गुरू करायचे तर ग्लेझर घराण्याला करा. मूळपुरुष माल्कम ग्लेझर, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे, लिथुआनियातून आलेल्या ज्यू कुटुंबातले. पंधराव्या वर्षी वडील गेले आणि घड्याळांच्या सुट्या भागांचा धंदा पोराच्या अंगावर पडला. इथवरची गोष्ट कुणालाही आदर वाटावा अशीच आहे. पुढे त्यांनी फिरत्या घरांच्या वसाहती घेतल्या. त्यात बहुतेकदा घर राहणाऱ्याचं असतं आणि त्याखालची जमीन मालकाची; राहणाऱ्याने घरावर हवा तेवढा जीव लावावा, भाडं मात्र वेळेवर द्यावं. हे नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यातच आहे.

१९९५ मध्ये त्यांनी टॅम्पा बे बुकेनीअर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ १९ कोटी २० लाख डॉलरना घेतला. नवा संघमालक जुन्या स्टेडियमात शोभत नाही. पण म्हणून खिशात हात घालायची घाई करू नका. १९९६ मध्ये तिथल्या मतदारांपुढे अर्ध्या टक्क्याच्या वाढीव विक्रीकराचा प्रस्ताव आला. त्यात शाळा होत्या, पोलीस होते आणि त्यांच्याच पंगतीला स्टेडियमही बसलं होतं. शाळेला नाही कोण म्हणणार? १९९८ मध्ये स्टेडियम उभं राहिलं.

खरी कारागिरी मात्र मँचेस्टरला. २००५ मध्ये घराण्याने मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब सुमारे ७९ कोटी पाउंडांच्या भावाने ताब्यात घेतला. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. खरेदीची निम्म्याहून जास्त रक्कम उसनी, आणि त्यातला मोठा हिस्सा क्लबच्याच मालमत्तेवर काढलेला. म्हणजे ज्याला विकत घेतलं, त्यानेच आपल्या विक्रीचे हप्ते फेडायचे. आयत्या बिळावर नागोबा बसतो हे आपण ऐकून आहोत. इथे बिळाकडूनच व्याज वसूल झालं.

चाहते चिडतील, चिडू द्या. काहींनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचा स्वतःचा क्लब काढला. २०१० मध्ये इतरांनी क्लबच्या जुन्या, न्यूटन हीथ या मूळ नावाच्या काळातल्या हिरव्या-सोनेरी रंगांचे मफलर गुंडाळले. निषेधाचा मफलर गळ्यात असला तरी तिकीट काढूनच आत यावं लागतं, एवढं भान ठेवलंत की झोप शांत लागते.

२०१२ मध्ये शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आणले, कंपनी नोंदवली केमन बेटांवर, घराण्याचं बस्तान फ्लोरिडात. मँचेस्टरच्या वाट्याला उरला पाऊस, आणि तोही २०२४ च्या मे महिन्यात ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या मैदानाच्या छपरातून थेट आत आला. शेअर विकताना काळजी एकच घ्या: लोकांच्या शेअरला एक मत, घरच्या शेअरला दहा. लोकांना भागधारक झाल्याचं समाधान मिळतं आणि तुमची खुर्ची हलत नाही. विक्रीचा अर्धा पैसा क्लबच्या कर्जाकडे वळवा, अर्धा घरी न्या. सगळाच नेला तर दिसायला बरं दिसत नाही.

२०१४ मध्ये माल्कम गेले. सहा मुलं, वाटण्या झाल्या, पण मतं घरातच राहिली. २०२१ मध्ये सुपर लीगचा, म्हणजे बड्या क्लबांनी मिळून स्वतःची वेगळी युरोपीय स्पर्धा काढायचा बेत फसला, चाहते मैदानात घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. अशा वेळी माल्कमचे चिरंजीव जोएल ग्लेझर यांच्यासारखं एक माफीचं पत्र लिहावं. पत्राला व्याज लागत नाही.

आणि मैदानावर काय चाललंय? तो प्रश्न मालकाने मनाला लावून घ्यायचा नसतो. मँचेस्टरच्या संघाने प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची मुख्य स्पर्धा, शेवटची जिंकली २०१३ मध्ये. बाजारात आला तेव्हा १४ डॉलरचा असलेला शेअर ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी २०२४ मध्ये ३३ डॉलरना घेतला. फुटबॉलचा कारभारही त्यांच्याच गळ्यात. शिव्यांचा निम्मा भार आता तेच वाहतात.