पक्षातलं भांडण देशाला वाटून द्या

समजा, तुम्ही ब्रिटनचे पंतप्रधान आहात. युरोपचं नाव काढलं की तुमचेच खासदार एकमेकांच्या उरावर बसतात, आणि बाहेर यूकिप हा युरोपविरोधी पक्ष तुमची मतं कुरतडतोय. साधा माणूस अशा वेळी चार टाळकी खोलीत बोलावून कानउघाडणी करेल. तुम्ही तसलं काही करू नका. सरळ देशालाच विचारा. हुजूर पक्षाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी जानेवारी २०१३ मध्ये युरोपीय संघात राहायचं की नाही यावर सार्वमताचा शब्द दिला तेव्हा त्याला एक पौंडही खर्च आला नव्हता. फक्त एक पथ्य पाळा: असा शब्द दिल्यावर पुढची निवडणूक स्वबळावर जिंकू नका, नाहीतर तो पाळावा लागतो. २०१५ मध्ये कॅमेरन जिंकले.

प्रश्न सोपा ठेवा. चार दशकांचे कायदे, मासेमारीचे हक्क, औषधांचे परवाने, आयर्लंडची सीमा, सगळं दोन चौकोनांत बसलं पाहिजे: राहायचं की निघायचं. निघून कुठे जायचं ते मात्र कागदावर छापू नका. मोकळ्या जागेत प्रत्येक जण आपापलं स्वप्न भरून घेतो आणि नंतर हे नव्हतं ठरलं म्हणून भांडायला येतो. मतदान केंद्रातली शिसपेन्सिल तशीच राहू द्या. २३ जून २०१६ला काही जणांनी घरून पेन नेलं होतं, का तर गुप्तहेर खातं रात्री बसून फुल्या खोडून काढेल. सरकारवर लोकांचा असा गाढ विश्वास असताना सरकारनेच घरोघरी ‘राहा’ सांगणारी पत्रकं वाटावीत. ९० लाख पौंडांहून जास्त खर्च करून ती वाटली गेली. निघणाऱ्यांना यापेक्षा चांगला प्रचार फुकटात मिळाला नसता.

आता गोरगरिबांचा कैवारी शोधायचा. तो गरिबांतला असण्याची मुळीच गरज नाही, उलट तशाने घोटाळा होतो. हुजूर पक्षाचे बोरिस जॉन्सन ईटन या श्रीमंतांच्या शाळेत शिकले, त्यांच्याच पक्षाचे जेकब रीस-मॉगही तिथलेच. यूकिपचे नायजेल फराज डलिच कॉलेज या तसल्याच शाळेतून निघून लंडनच्या धातुबाजारात दलाली करत होते. तिघांनीही ‘वरच्या लोकां’विरुद्ध दंड थोपटले, आणि समोर ‘राहा’ म्हणत उभे होते ते कॅमेरनही ईटनचेच. शाळेच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला एवढा मोठा हॉल आजवर मिळाला नसेल. जॉन्सन यांनी तर आधी दोन लेख लिहून पाहिले, एक राहण्याच्या बाजूने आणि एक निघण्याच्या. तुम्हीही दोन्ही लिहून ठेवा, तत्त्वनिष्ठा कोणत्या लेखातून जास्त उठून दिसते ते पाहा. त्यानंतर आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड देतो, असं लाल बसवर रंगवा. आकडा चुकीचा म्हणून कोणी ओरडलं तर उत्तम, कारण त्यामुळे तो रोज बातम्यांत येतो.

निकाल लागला. ‘निघा’ ५१.९ टक्के, ‘राहा’ ४८.१. त्या दिवशीच्या मतदारांच्या एका मोठ्या पाहणीत सर्वांत वरच्या वर्गातल्या ५७ टक्क्यांनी ‘राहा’वर फुली मारलेली दिसली, तर कुशल आणि अकुशल कामगारांतल्या ६४ टक्क्यांनी ‘निघा’वर. आता तुम्ही सुशिक्षित असाल, तुमची बाजू हरली असेल आणि मनाचा तोल सांभाळायचा असेल, तर ताबडतोब म्हणा: अडाणी आहेत. ईशान्य इंग्लंडमधल्या संडरलंडकडे बोट दाखवा. तिथे निसानचा कारखाना आहे, त्याच्या गाड्या युरोपात जातात, आणि तरी तिथल्या ६१.३ टक्के लोकांनी ‘निघा’ म्हटलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारी माणसं! असं म्हणून टाकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

पुढचं म्हणजे काय, तर तिथल्या माणसाच्या मताला त्याआधी किती वर्षं वजनच नव्हतं, हे. संडरलंडमध्ये मजूर पक्षच जिंकणार हे सगळ्यांना पाठ होतं. म्हणून मजूर पक्ष तिथे फिरकत नव्हता आणि हुजूर पक्ष तर वाटच विसरला होता. जहाजबांधणी गेली, खाणी गेल्या, मतदारसंघ तेवढा ‘सुरक्षित’ राहिला. मग एके दिवशी असं मतदान आलं की त्यात संडरलंडची फुली आणि लंडनमधल्या श्रीमंत केन्सिंग्टनची फुली सारख्याच किमतीची होती. ७२.२ टक्के मतदान झालं. १९९२ नंतरच्या कुठल्याही सार्वत्रिक निवडणुकीत तेवढं झालं नव्हतं. या लोकांना ‘निघा’चे तोटे कळले नसतीलही. पण आपण कुणाची तरी झोप उडवू शकतो हे त्यांना बरोबर कळलं. असले विचार फार करू नका, अडाणी हा शब्द आटोपशीर आहे.

यानंतरचं काम लोक स्वतःच करतात, तुम्ही नुसती फुंकर घाला. आदल्या वर्षापर्यंत ज्याला युरोपीय संघाचं ब्रसेल्स कुठल्या दिशेला आहे याचं सोयरसुतक नव्हतं, तो आता ‘रीमेनर’ (राहावाला) किंवा ‘लीव्हर’ (निघावाला) म्हणून ओळख सांगू लागतो. कोणत्या पक्षाचे, हे विचारलं तर खांदे उडवतो, पण सार्वमतातली बाजू काढा की लालबुंद होतो. आपल्या मुलाने वा मुलीने त्या बाजूच्या माणसाशी लग्न केलं तर चालेल का, असंही पाहणीवाले विचारू लागले. नाकं मुरडली ती जास्त करून ‘राहा’वाल्यांनी, म्हणजे उदारमतवादाचा मक्ता ज्यांच्याकडे होता त्यांनी. थेरेसा मे यांनी स्वतः ‘राहा’च्या बाजूने प्रचार केला होता. पंतप्रधान होताच त्यांनी जगाचे नागरिक म्हणवणाऱ्यांना तुम्ही कुठलेच नाही असं सुनावलं. यावरून शिका, धर्मांतर केलेल्याने शंख जोरात वाजवावा.

विरोधी पक्षात असाल तर तुमच्यासाठी मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचा धडा आहे. सार्वमताआधी त्यांनी युरोपीय संघाबद्दलच्या आपल्या उत्साहाला दहापैकी सात-साडेसात गुण दिले होते. २०१९च्या निवडणुकीत त्यांचं धोरण असं होतं: आधी नवा करार करू, मग पुन्हा सार्वमत घेऊ, आणि त्यात मी तटस्थ राहीन. निघणाऱ्यांना वाटलं हे आपल्याला अडवणार, राहणाऱ्यांना वाटलं हे आपल्यासाठी लढणार नाहीत. दोन्हीकडच्यांना एकाच वाक्यात दुखवायला कसब लागतं. २०२ जागा आल्या, १९३५ नंतरच्या सर्वांत कमी.

सत्तेत असाल तर शिस्त दाखवा. तोवर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये विरोधात मत देणाऱ्या आपल्याच २१ खासदारांना एका झटक्यात गटाबाहेर काढलं, त्यात चर्चिल यांचा नातूही होता. तीनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत मजूर पक्षाची ब्लाइथ व्हॅली पडली. कोळसाखाणींचा हा मतदारसंघ १९५० मध्ये झाला तेव्हापासून हुजूर पक्षाला कधीच मिळाला नव्हता. बोल्सोव्हरमध्ये १९७० पासून निवडून येणारे, एकेकाळचे खाणकामगार, मजूर पक्षाचे डेनिस स्किनर हरले. मजूर पक्षाचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं सेजफिल्डही गेलं. हुजूर पक्षाची आघाडी मध्यमवर्गापेक्षा कामगारवर्गात मोठी होती. उलट, लंडनमधलं सुखवस्तू पटनी त्याच रात्री मजूर पक्षाने जिंकलं आणि कँटरबरी राखलं. जॉन्सन यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल केली: तुम्ही मत कदाचित उसनं दिलं असेल, फुली मारताना तुमचा हात थरथरला असेल.

उसनं घेतलेलं परत मागितलं जातं, एवढं त्यांच्या लक्षात राहिलं असतं तर बरं झालं असतं. ‘ताबा परत घ्या’ म्हणून मत दिलेल्यांना पुढे काय मिळालं? जून २०२३ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांवर गेलं. पूर्वीसारखा निळा पासपोर्ट मिळाला, तो पोलंडमध्ये तयार होऊन आला. २०२४ मध्ये लोकांनी मजूर पक्षाला ४११ जागा दिल्या, पण मतं दिली फक्त एक तृतीयांश. मोडकं दार नुसतं टेकवून ठेवलं होतं म्हणा. मे २०२५ मध्ये रनकॉर्नची जागा फराज यांच्या रिफॉर्म यूके या नव्या पक्षाने मजूर पक्षाकडून ६ मतांनी हिसकावली. त्याच दिवशी डरहम काउंटीची सत्ताही त्या पक्षाकडे गेली. हे डरहम म्हणजे खाणकामगारांचा बालेकिल्ला. मजूर पक्षाने १९१९ मध्येच ते जिंकलं होतं. वडिलांचा पक्ष एकदा सोडला की दुसऱ्यांदा सोडताना हात थरथरत नाही.

एवढं झाल्यावर तुमचं स्वतःचं काय, ही काळजी सोडा. कॅमेरन यांच्यासारखा मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा जाहीर करा. वारसदार ठरल्याची घोषणा करून घरात शिरताना गाणं गुणगुणा, फक्त माइक बंद आहे ना ते पाहा. आठवणी लिहायला बागेत २५ हजार पौंडांची मेंढपाळाची झोपडी ठेवा. सात वर्षांनी बोलावणं येईलच. परराष्ट्रमंत्री म्हणून स्पेनला लागून असलेल्या ब्रिटनच्या जिब्राल्टरच्या सीमेचा तिढा सोडवायला ब्रसेल्सला जाल, त्याच जिब्राल्टरच्या, जिथल्या ९५.९ टक्के लोकांनी तुमचं ऐकून ‘राहा’ म्हटलं होतं. २०२४ मध्ये तुमचा जुना मतदारसंघ विटनीही लिबरल डेमोक्रॅट्स पक्षाकडे जाईल. मनाला लावून घेऊ नका. तोवर तुम्ही लॉर्ड झालेले असाल, आणि लॉर्डांना निवडून यावं लागत नाही.