दोन एकरांत गाय चारून दाखवाच

"गोठा मोडा, गाई मोकळ्या सोडा. चारा फुकट, आजार शून्य, शेण आपोआप रानात. आपले आजोबा हेच करत होते." दोन-तीन एकरवाल्यांना उद्देशून लिहिलेला हा मेसेज आमच्याकडे पारनेर भागात प्रत्येक ग्रुपवर फिरून झाला. पाठवणाऱ्याचं मन चांगलं असेल, हिशेब मात्र कच्चा आहे.

आधी चारा. चारशे किलोच्या गाईला, पाण्याचं वजन सोडून, रोज १० किलो तरी वैरण लागते. वर्षाचे झाले साडेतीन टनांच्या वर. आमच्या वरकस माळावर हेक्टरी दीड-दोन टन वाळलेलं गवत निघालं तर साल बरं म्हणायचं. म्हणजे एका गाईला दोन हेक्टर, पाच एकर! दोन एकरवाल्याची गाय मग चरते कुठे? शेजाऱ्याच्या बांधावर, आणि बांधावरून त्याच्या हरभऱ्यात. पुढची भांडणं काही फुकट मिटत नाहीत.

विहिरीला पाणी असेल तर १० गुंठे संकरित नेपियर लावा. खतपाणी वेळेवर दिलं तर एकरी ६० टन हिरवा चारा अवघड नाही. १० गुंठ्यांचे १५ टन, रोजचे ४० किलो. दोन गाईंची हिरवी वैरण भागली. कडबा आणि पेंड वेगळी, ती चुकत नाही. पहिली कापणी दोन-अडीच महिन्यांनी, पुढच्या दीड-दोन महिन्यांनी. नुसत्या नेपियरवर मात्र गाय ठेवू नका. त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही. जोडीला थोडा लसूणघास, चवळी हवी. आणि कुट्टी कराच. अख्खी ताटं टाकली की बाईसाहेब पानं खातात, बुडखे तुडवतात.

'आजार शून्य' हे ज्याने लिहिलं त्याने ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात शिरलेली गाय पाहिलेली नसावी. त्या फुटव्यातल्या विषाने डॉक्टर यायच्या आत खेळ संपतो. सामाईक रानातून गोचीड आणि जंत घरी येतात ते वेगळेच. घटसर्प-फऱ्याची लस चरणारीलाही लागते, बांधलेलीलाही.

शेण आपोआप पडतं, कबूल. पण दिवसाच्या १०-१५ किलोंतलं निम्मं दुसऱ्याच्या माळावर पडतं, आणि मूत्र तर सगळंच जातं.

राहिले आजोबा. त्यांच्यामागे गावाचं गायरान होतं, गुराखी होता, आणि दोन-तीन लिटरवर समाधान होतं. तुमच्या दावणीला एचएफ, म्हणजे जास्त दुधाची विलायती होल्स्टीन गाय आहे, गायरानावर घरं आहेत. ज्या हिवरे बाजारचं कौतुक आपण करतो, त्या गावाने चराईबंदी करूनच डोंगर हिरवा केला. गवत कापून आणायचं, जनावर न्यायचं नाही. दूध त्यानंतर वाढलं.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. चोवीस तास दाव्याला बांधलेल्या गाईचे खूर वाढतात आणि मुका माज, म्हणजे लक्षणं फारशी न दाखवणारा माज, हातचा जातो. त्यासाठी माळ कशाला? गाईमागे ४० चौरस फूट छप्पर आणि ८० चौरस फूट मोकळं अंगण, भोवती जाळी, मध्ये पाण्याची टाकी. आम्ही जुन्या खळ्यालाच जाळी मारली. आता कुठली गाय माजावर आहे ते आई ओट्यावर बसून सांगते.