नोकरी हवी? आधी नाव बदला

ऑफर लेटर आलं म्हणून पेढे वाटायला निघालात? थांबा जरा. अजून तुमचं 'बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन' व्हायचंय, म्हणजे कंपनीने नेमलेली एजन्सी तुमचा इतिहास तपासणार. माझं नुकतंच झालं, म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी, जन्माला येतानाच दुर्मीळ नाव घेऊन या. माझ्या आईवडिलांना हे सुचलं नाही. एजन्सीने कोर्टाच्या वेबसाइटवर माझं नाव-आडनाव टाकलं आणि भलत्याच जिल्ह्यातला मारामारीचा खटला निघाला. त्या आरोपीच्या वडिलांचं नाव वेगळं. माझ्या वडिलांचं नाव दहावीच्या मार्कशीटपासून सगळीकडे छापलेलं. पण मधलं नाव बघतो कोण? रिपोर्टवर शेरा: 'संभाव्य जुळणी'. एचआरच्या मॅडमना म्हटलं, अहो, तो मी नाही. "सर, तसं लेखी आणा." आमच्या पोलीस ठाण्यात गेलो, तर "त्या जिल्ह्यात विचारा." तिकडे विचारलं, "तुमचा या केसशी संबंध काय?" संबंध नाही, हेच तर लिहून हवंय! "संबंध नाही, तर कागद कसा देणार?"

पार्किंगवरून भांडण झालंच, तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार, नोंदवायला आधी तुम्ही पळा; नाहीतर समोरचा नोंदवेल आणि नाव तुमचं लागेल.

निर्दोष सुटला असाल तर उगाच आनंद मानू नका. फॉर्मात 'कधी गुन्हा दाखल झाला होता का?' एवढंच विचारतात, निकालाला रकाना नसतो. 'होय' लिहिलं तर गेलात, 'नाही' लिहिलं तर माहिती दडवली म्हणून गेलात. तरुणपणी घोषणा दिल्याची किरकोळ शिक्षा कुणी दडवली, तरी तिकडे काणाडोळा करता येईल, असं सुप्रीम कोर्टाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात म्हटलंय. पण ते मालकाच्या मर्जीवर. म्हणजे झालंच!

शिपायाचीही नोकरी मिळेना, तर सरळ निवडणूक लढवा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नुसता गुन्हा दाखल असून काही अडत नाही, शिक्षा व्हावी लागते. प्रतिज्ञापत्रात गुन्ह्यांची यादी जोडा आणि प्रचाराला लागा.

जाऊ दे, कसले सल्ले! अहो कंपनीवाले, एजन्सीवाले, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव ताडून बघायला तुम्हाला किती वेळ लागतो? माणसाला नाकारण्याआधी रिपोर्ट त्याला दाखवायला काय जातं तुमचं? कॅशियर नेमताय तर अफरातफरीची शिक्षा झालीय का ते जरूर विचारा. कॉलेजातली धक्काबुक्की डेटा एंट्रीच्या कामात कुठे आडवी येते? आणि कोर्टाने ज्याला सोडलं, त्याला पुन्हा आरोपी ठरवणारे तुम्ही कोण?

माझी जागा तोवर दुसऱ्याला देऊन टाकलीत. द्या. पण माझ्या नावापुढची ती नोंद आधी काढा, कारण पुढची कंपनीही त्याच एजन्सीकडे रिपोर्ट मागणार आहे.